मऊ पदार्थ सहज का फाटत नाहीत

पदार्थाच्या यांत्रिक गुणांविषयी बोलताना ताठरपणा, बळकटी आणि चिवटपणा हे तीन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु पदार्थविज्ञानात त्यांचे अर्थ निरनिराळे आहेत आणि या प्रकरणाचा सारा भर त्यांतल्या तिसऱ्यावर आहे. वस्तूचा आकार बदलण्यासाठी किती जोर लावावा लागतो यावरून ताठरपणा ठरतो, ती तुटण्यापूर्वी जास्तीत जास्त किती ताण सोसते यावरून बळकटी ठरते, आणि तिच्यात आधीच पडलेली चीर पुढे सरकवण्यासाठी किती ऊर्जा खर्च करावी लागते यावरून चिवटपणा मोजला जातो. चिरेमुळे उघड्या पडणाऱ्या प्रत्येक चौरस मीटरमागे किती ज्यूल ऊर्जा लागली, हे त्याचे माप होय. या मापाने पाहिले तर खिडकीच्या काचेचा चिवटपणा जेमतेम दहा ज्यूल भरतो आणि रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या नैसर्गिक रबराचा सुमारे दहा हजार ज्यूल. काचेतील सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध रबरातील दोन कार्बन अणूंमधल्या बंधापेक्षा अधिक मजबूत असतो, आणि तरीही काच तडकते व रबर टिकते. तेव्हा चिवटपणाचे मूळ एकेका बंधाच्या ताकदीत नसून रेणूंच्या रचनेत आहे, हे या दोन आकड्यांवरूनच दिसून येते.

चिरेकडे ऊर्जेच्या हिशेबाने पाहण्याची दृष्टी इंग्लंडमधील अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेच्या अभ्यासातून दिली. ताणलेल्या वस्तूत ऊर्जा साठलेली असते, चीर पुढे सरकली की आजूबाजूचा ताण सैल होऊन त्यातली काही ऊर्जा मोकळी होते, आणि ही मोकळी होणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करण्याच्या खर्चाला पुरेशी ठरली की चीर धावू लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. रबरासारख्या पदार्थाला, जो मूळ लांबीच्या कित्येक पटींनी ताणला जातो आणि फाटताना उष्णताही निर्माण करतो, हा हिशेब लागू पडेल काय, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित राहिला. १९५३ साली आर. एस. रिव्हलिन आणि ए. जी. थॉमस यांनी वेगवेगळ्या आकारांचे रबराचे नमुने फाडून दाखवून दिले, की नमुन्याचा आकार कोणताही असो, फाटण्याच्या क्षणी चिरेला मिळणारी ऊर्जा एकाच मूल्यापाशी येते, म्हणजेच चिवटपणा हा नमुन्याचा नव्हे तर पदार्थाचा गुण आहे. त्यानंतरचा प्रश्न स्वाभाविकपणे असा होता, की ही ऊर्जा जाते कुठे.

त्याच्या उत्तरासाठी रेणूकडे वळले पाहिजे. रबर, जेल, सिलिकोन यांसारखे मऊ पदार्थ बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे, बनलेले असतात. एकाच प्रकारचे छोटे घटक हजारोंच्या संख्येने एकापुढे एक जोडले जाऊन झालेली लांबलचक साखळी म्हणजे बहुवारिकाचा रेणू. असे प्रचंड रेणू खरोखरच असतात, हे मत जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले तेव्हा त्यांना मोठा विरोध झाला, आणि त्याच कामासाठी त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नैसर्गिक रबराचा घटक आयसोप्रीन हा आहे आणि त्याच्या साखळीत पाच कार्बन अणूंचा हा घटक हजारो वेळा येतो. मोकळी साखळी सरळ रेषेत राहत नाही. उष्णतेमुळे तिचा प्रत्येक दुवा सतत हलत असल्याने ती वेडीवाकडी गोळा होऊन राहते, कारण गोळा होण्याचे मार्ग असंख्य आहेत आणि सरळ होण्याचा मार्ग जवळजवळ एकच. ताणल्यावर साखळी सरळ होते, सोडल्यावर पुन्हा गोळा होते, आणि रबराची लवचीकता मुख्यतः याच प्रवृत्तीतून येते. ही ओढ बंध ताणण्यातून आलेली नसल्यामुळे ती सौम्य असते, आणि म्हणूनच हे पदार्थ मऊ असतात.

साखळ्या केवळ शेजारी-शेजारी असतील तर त्या एकमेकींवरून घसरतील आणि पदार्थ हळूहळू वाहू लागेल. कच्च्या रबराची उन्हाळ्यात नेमकी हीच गत होत असे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवले तेव्हा गंधकाचे अणू एका साखळीपासून शेजारच्या साखळीपर्यंत पूल बांधतात आणि सर्व साखळ्या मिळून एकच जाळे तयार होते, हे त्यांना माहीत असणे शक्य नव्हते, पण व्हल्कनीकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या प्रक्रियेत तेच घडत होते. अशा पुलांना येथे आडबंध म्हटले आहे, आणि दोन लगतच्या आडबंधांमधील साखळीच्या भागाला साखळीखंड. पुढील सर्व विवेचनात या साखळीखंडाची लांबी हीच कळीची राशी आहे.

ब्रिटनमध्ये जी. जे. लेक आणि ए. जी. थॉमस यांनी १९६७ साली जो विचार मांडला तो इतका साधा आणि इतका दूरगामी आहे, की मऊ पदार्थांच्या चिवटपणाची कोणतीही चर्चा आजही तेथूनच सुरू होते. चीर पुढे जायची तर तिच्या वाटेवरचा प्रत्येक साखळीखंड तुटला पाहिजे. खंड तुटतो तो त्यातल्या एका बंधापाशी, परंतु तो एक बंध तुटेपर्यंत ताणायचा असेल तर खंडातले बाकीचे शेकडो बंधही तेवढ्याच जोराने ताणले गेले पाहिजेत, कारण एका ओळीत जोडलेल्या सर्व दुव्यांतून सारखाच जोर वाहतो. म्हणजे तुटण्यापूर्वी खंडातल्या प्रत्येक बंधात ऊर्जा भरून ठेवावी लागते, आणि एक बंध तुटताच ती सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने वाया जाते. एका पातळीवरचे निव्वळ बंध तोडायला चौरस मीटरमागे सुमारे एक ज्यूल ऊर्जा पुरली असती, पण या गुणाकारामुळे अतिशय सावकाश फाडलेल्या रबरातही ती काही दशक ज्यूल लागते. खंड जितका लांब, तितका एका बंधाच्या मृत्यूचा खर्च मोठा.

यातूनच एक पेच उभा राहतो. खंड लांब करायचे म्हणजे आडबंध विरळ करायचे, आणि आडबंध विरळ केले की पदार्थ मऊ पडतो. साखळीखंडाची लांबी चौपट केली तर लेक-थॉमस हिशेबानुसार चिवटपणा साधारण दुप्पट होतो, कारण खंड लांब झाले तरी चिरेच्या वाटेवरची त्यांची संख्या घटते. ताठरपणा मात्र एक चतुर्थांशावर येतो. उलट गंधक वाढवून रबर ताठर केले तर ते ठिसूळ होते. एकाच जाळ्याच्या चौकटीत राहून दोन्ही गुण एकदम मिळत नाहीत, आणि गेल्या अर्धशतकातील या क्षेत्राचा इतिहास बव्हंशी या पेचातून सुटण्याच्या वाटांचा इतिहास आहे. त्यांतली पहिली वाट मात्र निसर्गाने आधीच शोधून ठेवली होती.

लेक आणि थॉमस यांच्या हिशेबातून नैसर्गिक रबरासाठी निघणारे मूल्य प्रत्यक्ष मूल्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. उरलेली तफावत साखळीच्या नेमक्या आकारातून भरून निघते. आयसोप्रीनच्या प्रत्येक घटकात एक दुहेरी बंध असतो आणि साखळी त्या बंधापाशी एकाच बाजूने आत येऊन त्याच बाजूने बाहेर पडते. या रचनेला सिस म्हणतात. साखळी एका बाजूने येऊन विरुद्ध बाजूने बाहेर पडली तर ती ट्रान्स रचना होय, आणि रासायनिक सूत्र तेच असूनही त्या पदार्थाचे नाव व स्वभाव दोन्ही बदलतात. तो पदार्थ म्हणजे गटापर्चा. त्याच्या साखळ्या सरळसोट असल्याने सहज शेजारी-शेजारी रचल्या जातात, तो नेहमीच्या तापमानाला स्फटिकमय आणि कडक असतो, आणि १८५१ साली इंग्लिश खाडीखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवर आवरण म्हणून त्याचीच निवड झाली. सिस साखळ्या मात्र नेहमीच्या स्थितीत स्फटिक होण्याइतक्या नीट बसत नाहीत, आणि म्हणून रबर मऊ राहते. पण त्यांना तीन-चार पट ताणले की त्या इतक्या सरळ व समांतर होतात की त्यांचे छोटे स्फटिक तयार होऊ लागतात. डच रसायनतज्ज्ञ काट्झ यांनी १९२५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हे प्रथम दाखवले.

या घटनेचे महत्त्व असे, की ती नेमकी हवी तेथे आणि हवी तेव्हाच घडते. चिरेच्या टोकाशी ताण सर्वाधिक असतो, म्हणून स्फटिक तेथेच उगवतात, तेथले रबर ताठर होते आणि चिरेची पुढची वाट अडवली जाते. चीर कित्येकदा बाजूला वळते. ताण सैल होताच स्फटिक विरघळतात आणि पदार्थ पुन्हा पूर्ववत मऊ होतो. विमानांच्या आणि अवजड मालमोटारींच्या टायरमध्ये आजही नैसर्गिक रबराचे प्रमाण मोठे असते, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे. मऊपणा आणि चिवटपणा यांचा इतका देखणा मेळ घालणारे दुसरे साधे जाळे रसायनशास्त्रज्ञांना दीर्घकाळ बनवता आले नाही.

कृत्रिम रबरांचा मार्ग वेगळा आहे. स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांपासून केलेल्या रबरात दोन प्रकारचे घटक कसेही मिसळलेले असतात, त्यामुळे साखळ्यांना एकसारखी ठेवण नसते आणि ताणले तरी त्यांचे स्फटिक होत नाहीत. अशा रबरात चिरेला अडवण्याचे काम अंतर्गत घर्षण करते. चिरेच्या आसपासच्या साखळ्या ताणल्या जातात, सैल होतात, शेजारच्या साखळ्यांवर घासतात आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. हे घर्षण वेगावर आणि तापमानावर अवलंबून असल्यामुळे तेच रबर झटकन फाडले तर फार चिवट वाटते आणि उष्ण स्थितीत अगदी सावकाश फाडले तर त्याचा चिवटपणा घसरत जाऊन लेक-थॉमस यांच्या तळाच्या मूल्याला टेकतो. निव्वळ घर्षण टायरसाठी पुरेसे नसते, म्हणून त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची काजळी, मिसळतात. या कणांच्या पृष्ठभागाला साखळ्या चिकटतात, ताणाखाली सुटतात, पुन्हा दुसरीकडे चिकटतात, आणि त्यामुळे या जातीच्या रबराची बळकटी सुमारे दहापट वाढते. टायर काळा असतो तो याच काजळीमुळे.

आतापर्यंतचे पदार्थ कोरडे होते. पाण्याने फुगलेल्या जाळ्याची, म्हणजे हायड्रोजेलची, गोष्ट अधिक कठीण आहे, आणि या विषयातली सर्वांत विचारप्रवर्तक प्रगती तेथेच झाली आहे. हायड्रोजेलमध्ये बहुधा दहा टक्क्यांच्या आसपासच बहुवारिक असते आणि उरलेले सारे पाणी. साखळ्या एकमेकींपासून दूर असल्याने त्यांच्यात घर्षण जवळजवळ नसते, चिरेच्या वाटेवर येणाऱ्या खंडांची संख्याही थोडी असते, आणि त्यामुळे नेहमीच्या हायड्रोजेलचा चिवटपणा दहा ते शंभर ज्यूलच्या पुढे जात नाही. तरीही सांध्यांमधील कूर्चा, जिच्यात बहुतांश पाणीच असते, हजार ज्यूलच्या घरातला चिवटपणा दाखवते आणि आयुष्यभर भार सोसते. पाणी म्हणजे दुबळेपणा हे समीकरण अपरिहार्य नाही, याचा हा जिवंत पुरावा होता.

जपानमधील होक्काइडो विद्यापीठात जिआन पिंग गोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दुहेरी जाळ्याचे जेल प्रसिद्ध केले. त्यातले पहिले जाळे विद्युतभारित साखळ्यांचे, दाट आडबंधांचे आणि पाण्यात फुगून आधीच कमाल ताणलेले असते. एकटे घेतले तर ते अतिशय ठिसूळ. त्याच्या पोकळ्यांमध्ये दुसरे जाळे तयार केले जाते, ज्याच्या साखळ्या भाररहित, लांब आणि जवळजवळ आडबंधाविना असतात, आणि ज्याचे प्रमाण पहिल्याच्या कित्येक पट ठेवलेले असते. एकटे घेतले तर हे जाळे अतिशय लिबलिबीत. दोन दुबळी जाळी एकमेकांत गुंफल्यावर मात्र सुमारे नव्वद टक्के पाणी असलेल्या जेलचा चिवटपणा शेकडो ज्यूलपासून हजारापर्यंत पोहोचतो. याचे कारण असे, की चिरेचे टोक जवळ आले की ताठर जाळ्याचे खंड तुटू लागतात, पण लांब साखळ्यांचे दुसरे जाळे सलग असल्यामुळे चीर लगेच पुढे धावत नाही, आणि ताण आजूबाजूला पसरून चिरेच्या दोन्ही बाजूंच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात पहिल्या जाळ्याचे आणखी खंड तुटतात. प्रत्येक तुटणारा खंड काही ऊर्जा गिळतो. पहिल्या जाळ्याचे हे बंध स्वतः तुटून पदार्थ वाचवतात, म्हणून त्यांना त्यागबंध असे सार्थ नाव मिळाले आहे.

हे बंध खरोखर कुठे आणि किती तुटतात हे डोळ्यांना दिसावे अशी सोय पॅरिसमधील कोस्तान्तिनो क्रेतों यांच्या गटाने २०१४ मध्ये केली. त्यांनी पाण्याऐवजी कोरड्या रबरात एकात एक अनेक जाळी गुंफली आणि पहिल्या जाळ्याच्या आडबंधांत असा रेणू बसवला, जो तुटताच प्रकाश बाहेर टाकतो. साध्या जाळ्यात प्रकाश अगदी अरुंद रेषेपुरता दिसला, तर बहुजाळी रबरात तो चिरेच्या टोकाभोवती दूरवर पसरलेला दिसला. पुढच्या प्रयोगांतून असेही आढळले, की साध्या जाळ्यातसुद्धा तुटलेले खंड लेक आणि थॉमस यांनी गृहीत धरलेल्या एका थरापेक्षा बऱ्याच खोलवर असतात, म्हणजे मूळ सिद्धान्ताचे चित्र दिशेने बरोबर असले तरी त्यात दुरुस्ती हवी आहे.

त्यागबंधांची अडचण उघड आहे, एकदा तुटलेला सहसंयुज बंध, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने झालेला पक्का बंध, परत जुळत नाही. यावर उपाय म्हणून हार्वर्ड विद्यापीठात झिगांग सुओ यांच्या गटाने २०१२ मध्ये समुद्रशेवाळातील अल्जिनेट वापरले. त्याच्या साखळ्या कॅल्शियमच्या आयनांनी एकमेकींना धरून ठेवतात. ताणल्यावर ही पकड सुटते आणि वेळ व ऊब दिली तर बऱ्याच अंशी पुन्हा जुळते. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या पक्क्या जाळ्यासोबत तिची जोड दिल्यावर ते जेल वीस पटींहून अधिक ताणले गेले आणि त्याचा चिवटपणा नऊ हजार ज्यूलच्या आसपास, म्हणजे नैसर्गिक रबराच्या जवळ, गेला. पुन्हा जुळणाऱ्या बंधांच्या या शोधात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचाही वाटा आहे. तेथे रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि शायनी वर्गीस यांनी असा विचार विकसित केला, की साखळीला पाणी टाळणारी आणि टोकाला पाण्याशी नाते सांगणारी शेपटी बेताच्या लांबीची ठेवली तर जेलचे दोन तुकडे आपोआप सांधले जातात. २०१२ मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहयोगाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात आम्लधर्मी पाण्यात हे सांधणे काही सेकंदांत होताना दाखवले आहे.

एकदा जोराने ओढून मोजलेला चिवटपणा आणि हजारो वेळा हलकेच ओढल्यावर उरलेला चिवटपणा यांत मोठे अंतर पडते, आणि कृत्रिम कूर्चा किंवा टायर यांच्या दृष्टीने दुसराच महत्त्वाचा आहे. घर्षण असो की त्यागबंध, प्रत्येक ओढीला त्यांचा प्रभाव ओसरत जातो, आणि ज्या मर्यादेखाली चीर कितीही फेऱ्यांनंतर वाढत नाही ती मर्यादा पुन्हा साखळीखंडाच्या लांबीवरच येऊन ठेपते. या मर्यादेलाच भिडणारा उपाय सुओ यांच्या गटाने २०२१ मध्ये सुचवला. जेल तयार करताना पाणी फार कमी आणि आडबंध नाममात्र ठेवले तर अतिशय लांब साखळ्या एकमेकींत दाट गुंततात आणि नंतर पाण्यात फुगवल्यावरही तो गुंता सुटू शकत नाही. कापडातले धागे कुठेही गाठ न मारता केवळ एकमेकांवरून-खालून गेल्यामुळे जसे टिकतात, तसेच येथे होते. ओढल्यावर ताठरपणा गुंत्याच्या दाटीवरून ठरतो, पण ताण गुंत्यातून सरकत साखळीच्या पूर्ण लांबीवर पसरत असल्याने तुटताना वाया जाणारी ऊर्जा संपूर्ण साखळीची असते. लेक-थॉमस हिशेब कायम राहतो, मात्र ताठरपणा आणि साखळीखंडाची लांबी यांची जी सक्तीची सांगड होती ती सुटते, आणि प्रस्तुत विषयातील हा सर्वांत मूलगामी विचार मानावा लागेल.

आडबंध कमजोर केल्यास जाळे सहज फाटेल, असे सहजज्ञानाने वाटते. २०२३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था येथील संशोधकांनी याच्या अगदी उलट निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी लांब व पक्क्या साखळ्यांमधील आडबंधांत, ओढल्यावर सहज उघडणारे चार कार्बन अणूंचे कडे बसवले. चिरेच्या टोकाशी जोर वाढला की साखळी तुटण्याआधी आडबंध उघडतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे छोटे खंड मिळून एक लांब खंड होतो, आणि चिरेला पक्क्या साखळ्या टाळत वळसे घेऊन कितीतरी अधिक बंध तोडावे लागतात. फाटण्याला होणारा विरोध यामुळे नऊ पटींपर्यंत वाढला, आणि पदार्थाच्या इतर यांत्रिक गुणांत फारसा फरक पडला नाही. मात्र कमजोरी साखळीच्या कण्यात असेल तर असा लाभ मिळत नाही. ती आडबंधातच हवी.

आडबंध मुळात एका जागी स्थिर नसावेतच, अशीही एक वाट आहे. टोकियो विद्यापीठातील ओकुमुरा आणि इतो यांनी २००१ मध्ये साखळीवर शर्करेपासून बनलेली सायक्लोडेक्स्ट्रिनची कडी ओवली आणि दोन साखळ्यांवरची कडी एकमेकांना जोडली, त्यामुळे आडबंध साखळीवरून सरकू शकतो आणि एखाद्या छोट्या खंडावरच ताण साचण्याचे टळते. त्याच परंपरेत २०२१ मध्ये असे जेल तयार झाले, की ज्याच्या साखळ्या, कडी सरकून त्यांना पूर्ण ताणले जाऊ दिल्यामुळे, पाण्यातही समांतर होऊन तात्पुरत्या स्फटिकासारख्या एकत्र येतात आणि सोडताच विलग होतात. त्यात कोणताही बंध बळी जात नसल्याने पुनःपुन्हा ताणले तरी जेल पहिल्यासारखेच वागते.